गुठळी न धरणारा जंतू

१

फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात दोन कुप्या असायला हव्या होत्या. एकच होती.

जी होती तिच्यात हॉस्पिटलमधल्या सिस्टरच्या नाकातून घेतलेले जंतू होते. जी नव्हती तिच्यात एका निवृत्त शिक्षिकेच्या जखमेतले जंतू होते. गुडघा बदलण्याच्या ऑपरेशननंतर जखम चिघळून या शिक्षिकेचा मृत्यू झाला होता.

दोन्ही कुप्यांतले जंतू एकाच कुळातले आहेत की नाहीत, एवढेच सांगायला मोठ्या प्रयोगशाळेतून एक जंतुशास्त्रज्ञ बाई आल्या होत्या. विद्यार्थी पाठीमागे त्यांना भिंगबाई म्हणत. हे त्यांना ठाऊक होते आणि आवडतही होते.

हॉस्पिटल हाडांचे आणि लहानसे. थोड्या काळात तीन पेशंटांच्या गुडघ्यांत एकच जंतू शिरला होता, स्टॅफिलोकॉकस. पहिली पेशंट बरी झाली. दुसरा वाहती जखम घेऊन घरी गेला. तिसऱ्या या शिक्षिका. त्यानंतर ऑपरेशन थिएटरला कुलूप लागले आणि तिथे पाय ठेवणाऱ्या प्रत्येकाच्या नाकातला नमुना तपासला गेला. जंतू सापडला तो एकट्या सिस्टरच्या नाकात. तिला घरी बसवण्यात आले. पुढच्या आठवड्यात विश्वस्तांची बैठक होती. जंतू जुळले तर सिस्टरची नोकरी जाणार होती, पाठोपाठ नर्स म्हणून असलेली नोंदणीही, आणि थिएटरचे कुलूप निघणार होते.

"बाकी दोघांच्या कुप्या?" भिंगबाईंनी विचारले.

"त्या ठेवत नाही आम्ही. पेशंट सुधारला की टाकून देतो. मृत्यू झाला म्हणून ही ठेवली होती." लॅबच्या प्रमुख डॉक्टर बोलत होत्या. त्या सर्जनच्या पत्नी. त्यामुळे अख्खे हॉस्पिटल त्यांना वहिनी म्हणे.

"आणि किल्ली?"

"माझ्या टेबलाच्या खणात. खणाला कुलूप नसतं." वहिनींनी फ्रीजरचे दार लावले. "आता जुळवायला काही उरलंच नाही म्हणा. विषय संपला."

भिंगबाईंनी वहीत काहीतरी लिहिले.

"एक सांगू का?" वहिनी आवाज खाली आणून म्हणाल्या. "परवा सिस्टर इथे येऊन गेली. तिला सुट्टीवर पाठवल्यानंतर."

२

सर्जन उंच, थकलेला माणूस होता. बोलताना तो समोरच्याच्या गुडघ्यांकडे बघे. सवयच तशी असावी.

"सिस्टरने कुपी घेतली असेल असं वाटतं तुम्हाला?"

"मॅडम, तिने थिएटरमधला एक धागासुद्धा कधी घरी नेला नाही. पण घाबरलेला माणूस काय करेल सांगता येत नाही." त्याने खिशातून एक छोटी ट्यूब काढली, करंगळीवर मलम घेतले आणि दोन्ही नाकपुड्यांत आतून फिरवले. "माफ करा हं. नाक कोरडं पडतं. आमच्या मॅडमचा हुकूम आहे, सकाळ-संध्याकाळ लावायचं."

"कधीपासून?"

"झाले असतील दोन-तीन आठवडे. मला तर नाक कोरडं असल्याचं कळलंही नव्हतं. पण बायको डॉक्टर असली की आपण कुठे आजारी आहोत हे तीच ठरवते."

ट्यूबवरचा कागद सोलून काढलेला होता. पांढऱ्या प्लास्टिकवर डिंकाचे पट्टे तेवढे राहिले होते.

"नाकाचे नमुने कसे तपासले, ते सांगाल?"

"ते मला विचारू नका. हाड सोडून काही विचारलंत की मी नापास. वहिनींना विचारा." स्वतःच्या बायकोला वहिनी म्हटल्याचे त्याच्या लक्षात आले आणि तो कसनुसा हसला. "सगळे म्हणतात, मलाही सवय लागली."

वहिनींनी सरळ सांगितले. पेशंटांचे नमुने टेस्ट ट्यूबमध्ये रात्रभर ठेवायचे. ट्यूबमधला पातळ द्रव घट्ट झाला, तर जंतू स्टॅफिलोकॉकस. हा नियम. स्टाफची माणसे मात्र बरीच होती आणि सगळ्यांना निकाल त्याच दिवशी हवा होता. म्हणून ते नमुने झटपट कार्डावर तपासले. कार्डावरच्या थेंबात जंतू ढवळायचा. दह्यासारख्या गुठळ्या धरल्या की तोच. सिस्टरच्या थेंबात क्षणात गुठळ्या झाल्या. बाकी सगळ्यांचे थेंब दुधासारखे गुळगुळीत राहिले.

"कार्ड कधी चुकत नाही?" भिंगबाईंनी विचारले.

वहिनींनी चष्मा काढून पुसला. तो स्वच्छच होता.

"क्वचित," त्या म्हणाल्या.

३

सिस्टरच्या घराचे दार सासूबाईंनी उघडले.

"तपासायला आलात? या. आमच्या घरात जंतू सापडला तर मला आधी दाखवा, मी कधी बघितलाच नाही. ही बाई बटाटा सोलायच्या आधी धुते आणि सोलल्यावरही धुते."

"आई, पुरे," आतून आवाज आला.

सिस्टर पन्नाशीची, ताठ बसणारी. नखे मुळापर्यंत कापलेली. खिडकीचे पडदे दिवसाढवळ्या ओढलेले होते.

"मी लॅबमध्ये गेले होते, हे खरं आहे," ती आपण होऊन म्हणाली. "वहिनींना म्हटलं, माझा नमुना परत घ्या. दुसऱ्या पद्धतीने तपासा, बाहेर पाठवा, काहीही करा. त्या म्हणाल्या, गरज नाही."

"कारण?"

"कारण नाही सांगितलं. माझ्याकडे बघितलंही नाही. इतकी वर्षं एकत्र डबा खाल्लाय आम्ही." तिने पाठ आणखी ताठ केली. "मॅडम, माझ्या नाकात जंतू आहे, हे मी नाकारत नाही. असतो तो पुष्कळांच्या नाकात. पण त्या शिक्षिकाबाईंना तो माझ्याकडून गेला का? मला एवढंच कळायला हवं. गेला असेल तर मी स्वतः राजीनामा देईन. तुम्ही कुणी काढायची वाट बघणार नाही."

"पडदे का ओढलेत?"

उत्तर सासूबाईंनी दिले. "त्या बाईंची मुलगी आली होती. फाटकात उभं राहून ओरडली, 'माझ्या आईला मारलं हिने.' शेजारचे सगळे गॅलरीत. तेव्हापासून ही दुकानातसुद्धा जात नाही. दूध मी आणते. माझ्या गुडघ्यांची अवस्था बघा, आणि ऑपरेशनचं नाव काढायची सोय नाही!"

सिस्टर हसली नाही. भिंगबाईंनी तिच्या नाकातला नवा नमुना घेतला.

"पण मॅडम, हा जुळवणार कशाशी?" सिस्टरने विचारले. "बाईंची कुपी तर गेली म्हणतात."

"कुपी चोरता येते," भिंगबाई म्हणाल्या. "चालत्याबोलत्या माणसाचा गुडघा चोरता येत नाही."

४

दुसरा पेशंट बसचा निवृत्त ड्रायव्हर होता. पाय खुर्चीवर टाकून, बँडेज बांधून तो अंगणात बसला होता.

"जन्मभर रस्त्यातले खड्डे चुकवले, आता खड्डा माझ्याच गुडघ्यात," तो म्हणाला. "घ्या, काय घ्यायचं ते घ्या. सिस्टरचं काम आहे ना? मग सगळा पाय घेऊन जा."

"तुमचा राग नाही तिच्यावर?"

"ती रोज ड्रेसिंग करायची. इतका हलका हात की मला झोप लागायची. बाकीच्यांचा हात लागला की मी ओरडायचो." त्याने बायकोकडे डोळा मारला. "हिच्यावर ओरडायची तेवढीच संधी."

"ओरडा, ओरडा," बायको म्हणाली. "बँडेज मी बांधते हे विसरू नका."

भिंगबाईंनी जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतला आणि काडी नळीत बंद केली.

परतताना हॉस्पिटलच्या फाटकाशी त्यांना भूलतज्ज्ञ भेटले. पेशंटला भूल देताना ते गुणगुणत, म्हणून त्यांना अंगाईकाका म्हणत. सर्जनचे ते कॉलेजपासूनचे मित्र. गोल चेहरा, गडद कोट.

"आम्हा सगळ्यांची नाकं स्वच्छ निघाली म्हणे," ते म्हणाले. "माझ्या बायकोला पटत नाही. ती म्हणते, तुमचं काहीच स्वच्छ नसतं." हसता हसता त्यांनी कानामागे खाजवले. कोटाच्या कॉलरवर कोंड्यासारखे पांढरे कण पडले होते. "पण सिस्टरचं वाईट वाटतं हो. थिएटरमध्ये तिच्याइतकं काटेकोर कुणी नाही. मास्क जरा खाली घसरला तर ती मला सगळ्यांसमोर झापते."

"घसरतो का?"

"चष्म्यावर वाफ धरते हो. काय करणार?"

५

आपल्या प्रयोगशाळेत भिंगबाईंनी दोन्ही नमुने वाढवले आणि सवयीने आधी झटपट कार्ड घेतले. सिस्टरचा जंतू थेंबात ढवळताच गुठळ्या झाल्या. ड्रायव्हरचा जंतू ढवळला. थेंब दुधासारखा राहिला. त्यांनी नवे कार्ड घेतले. तरी दूधच.

म्हणजे हा स्टॅफिलोकॉकस नव्हताच? त्यांनी तो ट्यूबमध्ये टाकला. सकाळी ट्यूब आडवी केली तेव्हा आतला द्रव हललाही नाही. पुरता थिजला होता. जंतू तोच होता, आणि कार्ड त्याला ओळखत नव्हते.

कारण जंतूच्या अंगावर होते. कार्डावरचे कण या जंतूच्या अंगावरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटतात. चिकटले की गुठळी. ही प्रथिने सगळ्या कुळांत सारखी नसतात. ज्या जनुकावरून त्यातले एक बनते, त्यात काही छोटे तुकडे माळेतल्या मण्यांसारखे पुन्हा पुन्हा येतात, आणि कुठला मणी कितीदा आणि कुठल्या क्रमाने येतो, यावरून जंतूचे कूळ ओळखता येते.

भिंगबाईंनी दोन्ही माळा वाचून घेतल्या. सिस्टरची माळ आखूड होती, ड्रायव्हरची लांब आणि क्रमही वेगळा. शिवाय ड्रायव्हरच्या जंतूत जनुकाचे एक अक्षर बदलले होते. त्यामुळे ते प्रथिन अर्धवटच बनत होते आणि जंतूच्या अंगावर टिकत नव्हते. कार्ड ज्याला धरते त्या दुसऱ्या प्रथिनाचाही आकार बदललेला होता. कार्डाला पकडायला काही उरतच नव्हते.

त्यांनी सिस्टरच्या नमुन्यातले जंतू पुन्हा पुन्हा तपासले. सगळे एकाच, आखूड माळेचे.

मग त्यांनी हॉस्पिटलला फोन लावला. "कार्डाने स्वच्छ ठरवलेल्या सगळ्यांचे नवे नमुने हवेत. नाकातले आणि त्वचेवरचेही. मी स्वतः घेणार."

पलीकडे वहिनी होत्या.

"ह्यांचे पण?" त्यांनी विचारले.

६

विश्वस्तांच्या बैठकीला अध्यक्ष, सर्जन, वहिनी, अंगाईकाका आणि सिस्टर होते. सिस्टर दाराजवळच्या खुर्चीवर बसली होती.

"सिस्टरवर ठपका आला, कारण कार्डावर तिच्या थेंबात गुठळ्या झाल्या," भिंगबाई म्हणाल्या. "पण ड्रायव्हरच्या गुडघ्यातला जंतू कार्डावर गुठळी धरतच नाही. हा जंतू सिस्टरच्या नाकात असता तर तिचा थेंबही गुळगुळीत राहिला असता. जी गुठळी तुम्ही पुरावा मानलीत, तीच तिच्या बाजूची साक्ष आहे. जनुकांनीही तेच सांगितलं. दोन्ही कुळं वेगळी आहेत."

सिस्टरने डोळे मिटले.

"पण वारलेल्या बाईंचा जंतू तर तुम्हाला मिळालाच नाही," अध्यक्ष म्हणाले. "तो सिस्टरचा नव्हता हे कशावरून?"

"तो ज्यांनी पाहिला, त्यांनाच विचारू या. कुपी कुणी नेली?" भिंगबाईंनी एकेकाकडे पाहिले. "सिस्टर निर्दोष असेल तर तिला कुपी हवीच होती. ती दोषी असती तर 'माझा नमुना बाहेर पाठवा' म्हणाली नसती. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना कार्ड आणि ट्यूब यांतला फरकच माहीत नाही. कुपी नाहीशी करायचं कारण एकाच माणसाला होतं. ज्याने ती कुपी कार्डावर तपासून पाहिली आणि गुठळी झाली नाही हे ज्याला कळलं, त्याला. म्हणजे दोषी माणूस स्वच्छ ठरलेल्यांत आहे हे ज्याला उमगलं, त्याला."

सगळ्यांच्या नजरा वहिनींकडे वळल्या. सर्जनची मात्र वळली नाही.

"डॉक्टर, तुमच्या खिशातलं मलम नाक कोरडं पडण्याचं नाही," भिंगबाई म्हणाल्या. "नाकातला हाच जंतू मारायला ते देतात. तुम्ही ते वाचू नये म्हणून कागद सोललाय."

सर्जनने मलमाची ट्यूब काढून टेबलावर ठेवली. "काय आहे हे?"

वहिनींचे हात मांडीवर होते. "मला वाटलं, तुम्हीच असाल," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "तीनही गुडघे तुमच्या हातचे. बाई गेल्यावर मी कुपीतला जंतू कार्डावर टाकून पाहिला. गुठळी नाही. मग मलम दिलं, आणि ह्या बाई येणार कळल्यावर कुपी नष्ट केली."

"मग माझा नमुना ट्यूबमध्ये का नाही तपासलास?" सर्जन म्हणाला. " एक रात्र लागली असती."

"नाही तपासलं. तपासलं असतं तर कळलं असतं. मला कळायला नको होतं."

"आणि सिस्टर?" सर्जनने विचारले.

वहिनींनी दाराजवळच्या खुर्चीकडे पाहिलेही नाही.

"तुमचा नवा नमुना स्वच्छ आला," भिंगबाई सर्जनला म्हणाल्या. "पण इतके दिवस मलम लावल्यावर तो स्वच्छच येणार. आधी काय होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही." त्यांनी आवाज मऊ केला. "ड्रायव्हरच्या जंतूची माळ, तेच बदललेलं अक्षर, सगळं जसंच्या तसं एका माणसाकडे सापडलं. नाकात थोडं. कानामागच्या चिघळलेल्या त्वचेवर खूप. ती त्वचा कण सोडते, आणि थिएटरची हवा ते वाहून नेते."

अंगाईकाकांनी टेबलावरचे दोन्ही हात उचलले. ते कुठे ठेवावेत हे न कळून तसेच हवेत धरले.

"मी?" ते म्हणाले. "मला वाटायचं, कोंडा आहे."

"तुमचा दोष नाही. उपचाराने हे जातं. तुम्हाला स्वच्छ ठरवलं गेलं होतं."

"तिघांनाही मीच झोपवलं," अंगाईकाका म्हणाले. सर्जन उठला आणि त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

अध्यक्ष दाराकडे वळले. "सिस्टर, तुम्ही उद्यापासून कामावर या. मंडळ दिलगीर आहे."

सिस्टर उभी राहिली. "उद्या नाही येणार. आधी बाईंच्या मुलीला सांगा. फाटकात उभं राहून ती जे बोलली, ते तिला इथून कळलेलं होतं. ज्यांनी कळवलं त्यांनीच जाऊन सांगायचं. आणि मी समोर असेन."

७

शिक्षिकेची मुलगी आईच्याच घरात राहत होती. तिने वहिनींना आणि सिस्टरला आत घेतले, पण बसा म्हटले नाही. वहिनींनी उभ्यानेच सगळे सांगितले. कार्ड, कुपी, मलम, काही गाळले नाही. राजीनामा दिल्याचे मात्र त्या बोलल्या नाहीत. ते सिस्टरने मागाहून सांगितले.

मुलीने ऐकून घेतले. मग तिने एकच प्रश्न विचारला.

"आईचं ऑपरेशन झालं त्याच्या आधी तुम्हाला माहीत होतं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या. लगेच त्यांनी मान हलवली. "थांबा. नीट सांगते. ड्रायव्हरचा नमुना मी घाईत एकदा कार्डावर टाकला होता. गुठळी झाली नाही. मला वाटलं, कार्ड जुनं झालंय. फेकून दिलं. ट्यूबमध्ये तो जंतू निघाला, नियमाप्रमाणे लिहिला, पुढच्या कामाला लागले. तेव्हा मी दोन मिनिटं विचार केला असता, तर थिएटरमध्ये वेगळाच जंतू फिरतोय हे कळलं असतं आणि तुमच्या आईचं ऑपरेशन थांबवलं असतं."

"जा तुम्ही," मुलगी म्हणाली. आवाज चढला नव्हता.

वहिनी गेल्या. सिस्टरही दाराकडे वळली.

"तुम्ही नका जाऊ." मुलीने खुर्ची पुढे ओढली, मग स्वतःच तिच्या पाठीला धरून उभी राहिली. "मी तुमच्या दारात येऊन जे बोलले... मी पुन्हा येईन. त्याच फाटकात. सगळे असतील तेव्हा."

"या," सिस्टर म्हणाली. "सासूबाईंना बरं वाटेल."

"मला एक विचारायचं होतं. तेव्हापासून. पण विचारणार कुणाला? मी तर तुम्हालाच..." तिने मान हलवली. "आई गेली तेव्हा मी औषध आणायला खाली गेले होते. आईजवळ तुम्ही होतात. ती काही म्हणाली का?"

सिस्टर खुर्चीवर बसली. खोटे बोलणे सोपे होते, हे दोघींनाही कळत होते.

"तुमचं नाव नाही घेतलं त्यांनी," ती म्हणाली. "पाणी मागितलं. मी चमच्याने पाजलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'तुझी ड्यूटी कधीच संपली असेल. जा घरी, घरचे वाट बघत असतील.'"

मुलगी खाली जमिनीवर बसली, सिस्टरच्या पायांशी.

"शाळेतल्या मुलांना असंच घरी पाठवायची ती," ती म्हणाली. "मग? तुम्ही गेलात?"

"नाही," सिस्टर म्हणाली. "मी थांबले."